गेटवरच्या कप्प्यातला कोंबडा

मी एक जुना मोबाईल आहे. बटणांचा. हसू नका मित्रांनो, तुमच्याही घरात कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये माझा एखादा चुलतभाऊ रबरबँड बांधून पडलेला असणार. माझ्या काचेवर बोट फिरवून काही होत नाही, मला दाबावं लागतं. सातचं बटण तर अंगठ्याने रेटावं लागतं, कारण त्याच्याखाली मीठ आहे. खरंखुरं, खाडीचं मीठ. ते कसं आलं ते सांगतो.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. एका सरकत्या पट्ट्यावर आम्ही हजारो भाऊ एकसारखे, एकाचं तोंड दुसऱ्यापासून ओळखू येऊ नये असे. मला स्वतःचं तोंड मिळालं ते पेणच्या बाजारात. तिथल्या एका दुकानात काळुराम आला, पायाला चिखल, डोक्याला रुमाल. दुकानदाराने मला त्याच्या हातात दिलं तसं त्याने मला कानाला लावलं आणि बंद फोनवरच बोलायला लागला, "हॅलो, कलेक्टरसाहेब? हा दुकानवाला लय महाग देतो हो!" दुकानदार हसला आणि मी त्याच क्षणी ओळखलं की आपलं आयुष्य सरळ जाणार नाही.

काळुराम पेणजवळच्या गडब गावचा. तेव्हा तो खाडीवरच्या मिठागरात काम करायचा. मी त्याच्या कमरेला प्लास्टिकच्या पिशवीत. उन्हात तो फळी ओढून मीठ गोळा करी आणि मी गाणी म्हणे. पिशवीला भोक होतं, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. सातच्या बटणाचं दुखणं तिथलं. पण दिवस मानाचे होते. लाईट गेली की सगळी आळी माझ्या टॉर्चच्या उजेडात जेवायची. कुणाची म्हैस हरवली, कुणाची सून बाळंत झाली, निरोप माझ्यातून जायचा. घरात तर माझी एक वेगळी भाषाच होती. उचलायचं नाही, नुसत्या रिंगा मोजायच्या. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे भात टाक, निघालो. आणि कापलं तरी परत परत वाजत राहिलं तर काहीतरी खरंच झालंय, उचल.

ही भाषा नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यावर आहे.

मग एका वर्षी उधाणाने बांध फुटला, मिठागरात पाणी शिरलं ते परत गेलंच नाही. काळुराम रोह्याजवळ धाटावला केमिकल कंपनीत लागला, ठेकेदाराच्या हाताखाली. तिथे आत मोबाईल न्यायला मनाई. आत असली द्रव्यं की एक ठिणगी पुरे. म्हणून गेटवर एक लाकडी कपाट होतं, त्याला कबुतरखान्यासारखे कप्पे. आत जाणाऱ्याने आपला फोन कप्प्यात ठेवायचा, सुटल्यावर घ्यायचा. माझ्या आजूबाजूला सगळे काचेचे, चकचकीत. ते माझ्याकडे अशा नजरेने बघायचे जणू मी लग्नात लुंगी लावून आलोय.

कपाट राखायला रघू वॉचमन. मोठ्या मिशा, लहान धीर. आणि काळुरामला तर असा माणूस दिसला की हातांना खाज सुटायची.

त्याने काय केलं असेल? माझ्या गळ्यात कोंबडा भरला. रिंगटोन हो. फोन आला की मी आरवायचो, कुकूच कू! मग रघूच्या डब्याच्या वेळेला त्याने माझा अलार्म लावून ठेवला. रघूने भाकरीचा घास तोंडात घातला की मी कपाटातून आरवलोच. पहिल्या दिवशी तो ताटावरून उठून कपाटामागे कोंबडा शोधत होता. दुसऱ्या वेळी काळुरामने दुसऱ्या शिफ्टच्या रमेशला सांगून ठेवलं, की मला फोन लाव आणि लावतच राहा. मी इतका आरवलो की रघू घाबरला. याच्या घरी काही झालं असेल म्हणून भर उन्हात पार टोकाच्या शेडपर्यंत पळत गेला.

"काळू! चल लवकर, घरनं फोनावर फोन येतायत तुझ्या!"

काळुरामने तोंड एवढंसं केलं. "कोण असंल रे? सासू असंल."

"काय झालं त्यांना?"

"काय व्हायचंय? ती जाऊन धा वर्सं झाली. बघ, तिकडं पण रिचार्ज मिळतो."

सगळी शेड खदखदली. रघू घामाने निथळत परत आला. असा तो आणखीही पळाला, कारण काळुराम दर वेळी नवी युक्ती काढायचा. शेवटी एकदा रघूने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "आता तू आरव नायतर अंडी घाल. हा रघू खुर्चीतून उठायचा नाय."

मीही मनातल्या मनात हसलो होतो. आवडायचं मला. फोनला दुसरं काय सुख असतं, आपण वाजलो की कुणाचं तरी तोंड बदलतं एवढंच.

काळुरामची पोरगी मनस्वी. बारावी झाली, सीईटीला चांगले मार्क पडले. मग सुरू झाली ती ऑनलाईन प्रवेशाची भानगड. तुमच्यातले मोठे झालेले ओळखतील, लहान असाल तर पुढे कळेलच. आधी नोंदणी, मग कागदपत्रं तपासणं, मग मेरिट, मग कॉलेजांचा पसंतीक्रम. आपल्याला हवं ते कॉलेज, हवी ती शाखा वरपासून खालपर्यंत भरायची, मुदतीच्या आत पक्की करायची आणि मग सीट कुठे लागते ते बघायचं. एक फेरी गेली की दुसरी, असं शेवटच्या फेरीपर्यंत.

नोंदणीला काळुराम सुट्टी काढून पेणला निकेशच्या सायबर कॅफेत स्वतः गेला होता. निकेशने विचारलं, "मोबाईल नंबर कुणाचा घालू?"

मनस्वी आपला सांगणार, तेवढ्यात हा मध्ये पडला. "माझा घाल. हिचा सिम ऑफर बघून बदलतो. माझा नंबर पोरगी बालवाडीत होती तवापासून तोच हाय. मी पण बदललो नाय, नंबर पण बदलला नाय."

मग माझ्यावर ओटीपी आला. काळुरामने मला वर धरून एकेक आकडा असा पुकारला की जत्रेतला सोडतवालाच. कॅफेतली पोरं हसली, मनस्वीने कपाळावर हात मारला. माझी छाती फुगली. एवढ्या मोठ्या सरकारी कामात माझा नंबर! त्या गर्दीत सगळ्यात जुना मीच होतो, आणि पोरीची चावी माझ्याकडे.

घरी पसंतीक्रमाची तयारी चालली ती भांड्यांवर. काळुरामला स्क्रीनवर काही दिसायचं नाही, म्हणून मनस्वीने चुलीपासून दारापर्यंत भांडी पालथी घालून रांग मांडली. सगळ्यात पुढे भाताचा टोप, तो लोणेऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं कॉम्प्युटर. मागे पातेलं, तांब्या, डबा, एकेक कॉलेज. शेवटी चटणीची वाटी, ती लोणेऱ्याचं केमिकल.

खरं तर मनस्वीला ती वाटी पहिली हवी होती.

"बाबा, केमिकल पुढे घेऊया ना."

"नाय."

"का पण?"

"मी रोज संध्याकाळी काय अंगावर घेऊन येतो ते नाकाला कळत नाय तुझ्या?"

"कळतं म्हणूनच ना! तो वास कशाचा, हे तुम्हाला तरी म्हाईत हाय का?"

"हाय की म्हाईत. पगाराचा."

चंद्रावती, मनस्वीची आई, चुलीपाशी होती. ती म्हणाली, "अवो, तुमच्या हाताची सालं निघाली तवा कंपनीतल्या एकालाबी सांगता आलं नाय कशानं निघाली. तिला तेच शिकायचंय. आणि तुमचं कॉलेज लावायचं झालं असंल तर माझा टोप द्या, भात काय तांब्यात शिजवू?"

हसण्यावारी गेलं. काळुराम अडला तो अडलाच. पहिल्या फेऱ्यांत त्याने वाटी भरूच दिली नाही, सगळीकडे फक्त कॉम्प्युटर भरलं आणि मनस्वीच्या मार्कांना ते कुठेच लागलं नाही. निकेश म्हणाला, "काळूकाका, शेवटची फेरी उरली. मागच्या आकड्यांवरून बघतो तर केमिकलला हिची सीट नक्की बसते. वाटी पुढे घ्या."

मुदत संपायच्या दिवशी सकाळी काळुराम भाकरी खात होता. मी त्याच्या खिशात. खाता खाता तो त्या रांगेकडे बघत होता. मग उठला, दारापाशी गेला, चटणीची वाटी उचलली आणि टोपाच्याही पुढे, अगदी चुलीच्या तोंडाशी ठेवली.

"घे. पयली. पण गेटमधनं आत जाशील तर साहेब होऊन जा. मला बघितलंस तर वळखू नको, गुडमॉर्निंग म्हन."

मनस्वीने त्याच्या बाहीला नाक लावलं आणि तोंड वाकडं करून दाखवलं. तो इतका हसला की ठसका लागला.

निघताना तो दारात थांबला. "मोबाईल ठेवून जाऊ का गो? लागंल तुला?"

आणि मनस्वी म्हणाली, "न्या बाबा. माझ्याकडे माझा आहे ना. तुमची बस चुकली तर मिसकॉल कसा द्याल?"

मला ते वाक्य रोज ऐकू येतं.

पुढचं पेणमधलं मी नंतर घरातल्या बोलण्यातून ऐकलं. मनस्वी सकाळपासून कॅफेत बसली होती. शेवटचा दिवस, सगळ्या राज्यातली पोरं त्या एका साइटवर चढलेली, नुसतं चक्र फिरत होतं. दुपार कलली तेव्हा पान उघडलं. तिने वाटी पहिली भरली, मग टोप, मग पातेलं, सगळी रांग नीट भरली आणि पक्कं करायचं बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे.

निकेशने मान वर केली. "नंबर कुणाचा दिलाय?"

"बाबांचा."

"मग लाव फोन त्यांना. पाच वाजता बंद होतं हे."

आणि इकडे धाटावला, गेटवरच्या कपाटात, माझ्या पोटात टुण झालं. ओटीपी आला, मित्रांनो. मी उजळलो. समोर लाकडी फळी. मग मनस्वीचा फोन आला आणि मी आरवलो.

कुकूच कू.

रघू पेपर वाचत होता. बाजूला बसचा ड्रायव्हर बसला होता. तो म्हणाला, "रघू, उठला बघ तुझा कोंबडा."

"उठू दे. त्याचा मालक तिकडं दात काढत असंल, रघू कवा पळतो म्हनून."

मी थांबलो, परत वाजलो. थांबलो, परत वाजलो. घरची भाषा रघूला कुठे माहीत होती! परत परत म्हणजे काहीतरी खरंच झालंय, उचल. माझ्याकडे सांगायला शब्द नव्हते. माझ्याकडे फक्त कोंबडा होता. आणि काय सांगू, ज्या गळ्यातून गंमत निघते त्यातून रडं निघत नाही. मी जितक्या जिवाच्या आकांताने आरवलो तितका ड्रायव्हर जास्त हसला.

पेणला निकेशने नंबर बदलून बघायचं ठरवलं. तर साइट म्हणाली, बदलायचा तर जुन्या नंबरवर आलेला ओटीपी टाका. कंपनीतल्या दुसऱ्या कुणाचा नंबर जवळ नव्हता, म्हणून मनस्वीने गडबला दर्शनाच्या दुकानात फोन केला. चंद्रावती त्याच दुकानाशेजारी रस्त्याकडेला काकड्या विकायला बसते. ती काकड्या तशाच टाकून मिळेल त्या गाडीने निघाली. नागोठण्यापर्यंत सहा आसनी विक्रम, पुढे एसटी, रोह्यातून धाटावला रिक्षा.

इथे माझ्या आरवण्याला कंटाळून रघूने मला कप्प्यातून काढलं. मला वाटलं, सुटलो! त्याने मला आपल्या मफलरमध्ये गुंडाळलं आणि डब्याच्या पिशवीत खाली कोंबलं. लसणाच्या चटणीच्या वासात मी आरवत राहिलो. नवा ओटीपी येई, जुना मरे. परत नवा.

चंद्रावती गेटवर पोचली तेव्हा तिच्या पायात एकच चप्पल होती. "काळुराम... माझे मालक... त्यांचा मोबाईल द्या. पोरीचं ॲडमिशन हाय."

रघूने तिच्याकडे बघितलं. मग पिशवीकडे. आणि त्याचं तोंड असं झालं की तसं कुणाचंही होऊ नये म्हणतो मी. घाईत मफलर सुटेना. मी बाहेर आलो तेव्हाही वाजत होतो. इतक्या वर्षांत रघूने मला पहिल्यांदा कानाला लावलं.

"हॅलो पोरी, मी रघू, गेटवरचा. कुठला आकडा पायजे? वाचतो मी, वाचतो, थांब..."

त्याने शेवटचा मेसेज उघडला आणि मोठ्याने वाचला. त्यात सात होता, तो त्याने दोनदा सांगितला. पलीकडे बटणं वाजली. मग निकेशचा आवाज आला, मला स्पष्ट आठवतो, हळू, दुसऱ्या कुणालातरी सांगितल्यासारखा.

"बंद झालं गो. आत्ताच."

मनस्वी रडली नाही. ती फक्त म्हणाली, "मामा, आईला पाणी द्या. ती धावत आली असणार."

सुटल्यावर काळुराम गेटवर आला. बायकोला बसलेली बघून लांबूनच ओरडला, "अगो! मला न्यायला आलीस? बँडवाले कुठं हायत?" मागची माणसं हसली. चंद्रावती उठली नाही. रघू मला दोन्ही हातांत धरून उभा होता, एखादं मेलेलं पाखरू धरावं तसा.

काळुरामला कळायला वेळ लागला नाही. हुशारच आहे तो.

"काळू," रघू म्हणाला, "मला वाटलं तूच..."

"बरोबर वाटलं तुला," काळुराम म्हणाला. "दुसरं काय वाटणार?"

त्या संध्याकाळी चंद्रावतीने टोप सुलटा केला आणि त्यात भात टाकला. मनस्वीने बाकीची भांडी उचलून फळीवर लावली. चटणीची वाटी काळुराम हातात घेऊन बसला होता. ती त्याच्याकडून कुणी मागितली नाही.

मनस्वी आता रोह्याला बी.एस्सी. करते. केमिस्ट्री घेतलीय. वाईट नाही, ती अभ्यास करते, पुढचं बघू म्हणते. पण मशीनच्या आत जे शिजतं ते तिला बनवायचं होतं, आणि ती सीट दुसऱ्या कुणाला गेली असेल. जिला मिळाली तिला मी दोष देत नाही, बिचारीला काय माहीत.

बापाला मनस्वी एकदाही टाकून बोलली नाही. त्याचंच त्याला जास्त लागलं असावं. त्या आठवड्यातच त्याने माझा कोंबडा काढला. साधी घंटी लावली, सगळ्यांची असते ती, टिर्र टिर्र. आता मी वाजलो की रघू उठतोच. कर्ज घ्या म्हणणाऱ्या बाईचा फोन असो की चुकीचा नंबर असो, मला कप्प्यातच ठेवून तो शेडच्या दाराशी धावत जातो. "काळू, वाजतोय रे!" काळुराम हात पुसत गेटवर येतो, बघतो आणि म्हणतो, "काय नाय. बस तू." शेडमध्ये कुणी हसत नाही. रोज मनस्वीचा कॉलेजला पोचल्याचा मिसकॉल येतो. एक रिंग. रघू अर्धा उठतो, आणि दुसरी येत नाही म्हटल्यावर बसतो. एवढी भाषा तो आता शिकलाय.

परवा जेवताना मनस्वी म्हणाली, "बाबा, तो कोंबडा लावा ना परत. घर कसंतरीच वाटतं."

काळुरामने मला हातात घेतलं. रिंगटोनच्या यादीत गेला. कोंबडा तिथेच होता, मी काय त्याला कुठे जाऊ देणार! अंगठा त्याच्यावर येऊन थांबला. मग त्याने मला खाली ठेवलं.

"विसरलो गो कसा लावायचा," म्हणाला.

तो विसरलेला नाही. अंगठ्याचा भार माझ्यावर होता, मला कळतं.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी जुन्या वस्तू जपा म्हणून सांगायची रीत आहे. मला नका जपू. माझी बॅटरी फुगलीय, पाठीचं झाकण बसत नाही, माझं काय राहिलंय. दोन गोष्टी मात्र ऐका. फॉर्मवर नंबर तोच घाला जो त्या दिवशी तुमच्या हातात असेल, कितीही प्रेमाने कुणी दुसरा देऊ केला तरी. आणि शेजारी कुणाचा फोन परत परत वाजत असेल, तर तो माणूस कितीही खोडकर असू दे, एकदा उचलून कानाला लावा. फसलात तर फसलात. फसल्याने कुणाचं काही जात नाही.

आणि धाटावच्या बाजूला कधी आलात तर त्या गेटवर थांबा. सुटायच्या वेळेला डोक्याला रुमाल बांधलेला, खाली बघत चालणारा माणूस दिसेल. त्याची एखादी चांगली खोडी काढा. तो हसला तर मला येऊन सांगायची गरज नाही. मी तिथेच कप्प्यात असेन, मला ऐकू येईल.